वजन कमी करायचं इंजेक्शन: खेड्यात राहून कोण कोण घेतंय? (उलट्या, फ्रिज, खर्च, सगळं बोला)

खडू_फळा

नमस्कार मंडळी. या इंजेक्शनवर इथे धागे बरेच झालेत, पण लिहिणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. त्यांच्याकडे दुपारी चार-चार तास लाइन जात नाही आणि डॉक्टरला दाखवायला एसटीने दीड तास जावं लागत नाही. म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी दारव्हा तालुक्यात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. उंची पाच फूट एक इंच, वजन ९४ वर गेलं होतं. शुगर जुनी, गुडघे कुरकुरायला लागलेले. यवतमाळच्या एमडी डॉक्टरांनी तपासण्या करून टिर्झेपॅटाइड, म्हणजे मौंजारो, सुरू केलं. आठवड्यातून एकदा पोटावर टोचायचं. पहिले चार आठवडे २.५ एमजी, मग ५. डॉक्टर म्हणाले, वजन उतरतंय तोवर वरच्या डोसची घाई नको, म्हणून ५ वरच आहे. आता काटा ८१ दाखवतो.

फायदा खरा आहे. जेवण झाल्यावर तासाभरात डब्याकडे हात जायचा, तो जात नाही. शाळेत खिचडीला फोडणी बसली की मन तिकडेच असायचं, आता मुलांची वही तपासून होते. पण त्रासही आहे. टोचल्यानंतर दीड-दोन दिवस मळमळ. म्हणून मी शनिवारी सकाळची शाळा आटोपली की दुपारी घेते, रविवार घरात निघून जातो. आणि तेलकट-तुपकट आता पोट सरळ नाकारतं. मागे शेतात रोडग्याचं जेवण होतं. दोन रोडगे, वांग्याची भाजी, वर आग्रहाचं तूप. एरवी चार पचवणारी बाई मी. रात्रभर सडक्या अंड्याच्या वासाचे ढेकर, आणि पहाटे उलटी झाली त्यात रोडगा जसाच्या तसा.

विचारायचं असं की मे महिन्यात पेन कसं सांभाळता? उन्हाचा आणि याचा काही संबंध लागतो का? आणि किती दिवस घ्यायचं ठरवलंय?

शेगाव_कचोरी

वाचतोय. आमच्या गावात पक्की खबर आहे की हे घोरपडीच्या थुंकीपासून बनवतात. खरं का ताई?

रातपाळी_डॉक्टर

कचोरी भाऊ, तुमच्या गावाची खबर अगदीच हवेत नाही. या घराण्यातलं पहिलं औषध एक्सेनाटाइड, अमेरिकेत २००५ मध्ये मंजूर झालं. त्याचा मूळ रेणू गिला मॉन्स्टर नावाच्या तिकडच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडला होता. आजची सेमाग्लुटाइड (वेगोवी, ओझेम्पिक) आणि टिर्झेपॅटाइड कारखान्यात तयार होतात, त्यात ना सरडा ना घोरपड.

जेवलो की आपलं आतडं जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक सोडतं. ते मेंदूला सांगतं, पुरे. स्वादुपिंडाला सांगतं, इन्सुलिन सोड. आणि जठराला सांगतं, माल हळू पुढे ढकल. ही औषधं त्या संप्रेरकाची नक्कल करतात, फक्त नक्कल आठवडाभर टिकते. टिर्झेपॅटाइड आणखी एका संप्रेरकाची नक्कल करतं. खडू_फळा ताईंच्या उलटीत रोडगा अख्खा निघाला, कारण जठराने तो पुढे सोडलाच नव्हता. तूप जठरात तसंही जास्त वेळ थांबतं, त्यात औषधाचा ब्रेक. मळमळ, ढेकर, बद्धकोष्ठ यांचं मूळ बऱ्याच अंशी हेच.

आता ऊन. लागतो संबंध, आणि आपल्याकडे तो शहरापेक्षा जास्त लागतो. हे औषध भुकेबरोबर पाणी पिण्याची आठवणही कमी करतं. वरून उलट्या-जुलाब झाले आणि बाहेर ४५ अंश असले, तर शरीर कोरडं पडून थेट किडनीवर येतं. कंपनीच्या माहितीपत्रकातही हा इशारा आहे. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, किंवा शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन चालू असेल, तर डॉक्टरला हे आधी सांगा. मार्च ते जून डोस वाढवायचा नाही, असा माझा माझ्यापुरता नियम आहे. शास्त्रात लिहिलेला नाही, पण अंगमेहनत करणाऱ्या पेशंटला मी तेवढा वेळ खालच्याच डोसवर ठेवतो. उलट्या सुरू झाल्या तर ओआरएस घोट-घोट. दिवसभर लघवी झाली नाही किंवा पाणीही पोटात ठरत नसेल, तर घरी थांबू नका.

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरसाहेब, मले एक सांगा. आमची बायको शंभर किलोची हाय, शुगर हाय. मेडिकलवाल्यानं भाव सांगतला त मी उभ्याचा बसलो. महिन्याचे सतरा हजार! लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलले ८,११०. म्हंजे दर महिन्याले दोन क्विंटल कापूस टोचाचा. अन् कापूस निंगते वर्षातून एक डाव. मास्तरीनबाईंचा पगार एक तारखेले येते, आमचा पैसा सोयाबीन-कापूस इकला का येते, मंग वर्षभर ठणठण. जूनमंदी बी-बियाणं घेऊ का इंजेक्शन? राजेहो, याच्यावर कोनी बोलत नाई.

मेडिकलवाला

ठेचा भाऊ, मी काउंटरच्या आतल्या बाजूने बोलतो. मार्च २०२५ मध्ये मौंजारो भारतात आलं तेव्हा २.५ ची कुपी ३,५०० आणि ५ ची ४,३७५ होती, महिन्याला चार. तुमचे सतरा हजार तिथूनच येतात. वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये आलं. पण मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट संपलं, तेव्हापासून देशी कंपन्यांचा माल निघालाय आणि भाव बराच खाली आलाय. टिर्झेपॅटाइड मात्र अजून पेटंटमध्ये आहे. तेव्हा डॉक्टरांनाच विचारा, सेमाग्लुटाइड देशी कंपनीचं चालेल का. दुकानदाराच्या सांगण्यावरून बदलू नका, मी दुकानदार आहे म्हणूनच सांगतो. दोन्हीचे एमजी सारखे नाहीत. टिर्झेपॅटाइडचं ५ म्हणजे सेमाग्लुटाइडचं ५ नव्हे. सेमाग्लुटाइड ०.२५ पासून सुरू होतं.

आणि फ्रिजचं. न वापरलेलं पेन किंवा कुपी २ ते ८ अंशात. बर्फाच्या कप्प्याखाली चिकटवून ठेवू नका, गोठलं की ते फेकायचंच, वितळून वापरायचं नाही. दाराच्या कप्प्यातही नको, लेकरं दिवसभर दार उघडतात. मधल्या फळीवर डब्यात ठेवा. कागदावर लिहिलेलं असतं की फ्रिजबाहेर ३० अंशांखाली टिर्झेपॅटाइडची कुपी २१ दिवस चालते, चार डोसचं पेन वापरायला काढल्यावर ३० दिवस. लोक ‘२१ दिवस बाहेर चालतं’ एवढंच वाचतात. अहो, ३० अंशांखाली! ब्रह्मपुरी, चंद्रपूर, अकोल्याकडे मे महिन्यात रात्री बारा वाजता तरी घरात ३० असतं का?

लाइन गेली तर फ्रिज उघडू नका. बंद फ्रिज भरलेला असला की चार तास सहज तग धरतो, म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. दीड-दोनशे रुपयांचा फ्रिजचा थर्मामीटर मिळतो, तो आत टाका म्हणजे अंदाजपंचे काम नको. गावी नेताना थर्मासमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात, पण आइसपॅकला फडकं गुंडाळून. पॅकला चिकटलं की गोठतं. मोटरसायकलच्या डिक्कीत तर अजिबात नको.

पुण्यातला_आर्वीकर

आमचे आजोबा इन्सुलिनची कुपी मडक्यात ठेवायचे. दोन मडकी, मध्ये ओली रेती, आतल्या मडक्यात कुपी. आई आर्वीला एकटी असते, तिचा फ्रिज जुना आहे. हे चालेल का?

मेडिकलवाला

आजोबा हुशार होते. कोरड्या उन्हाळ्यात मडक्यातलं तापमान बाहेरपेक्षा खूप खाली येतं, वापरात असलेल्या इन्सुलिनसाठी तो जुना आणि कामाचा उपाय आहे. पण मडकं २ ते ८ वर जात नाही. फ्रिज बिघडला, एक-दोन दिवस काढायचेत, तर ठीक. महिन्याचा साठा मडक्यात नको. आणि मिरग लागला, हवेत ओल आली, की मडकं गार होणंच थांबतं. औषध गढूळ दिसलं, कण दिसले, तर टोचू नका.

आईंसाठी एकेका महिन्याचाच माल घ्या. आणि पेनाचे पहिले डोस कोणीतरी समोर बसून करवून घ्यावेत. फोनवर सांगून वयस्कर माणसाला जमत नाही.

जिम_पहेलवान_अकोट

मला थोडक्यात पाहिजे. हाइट ५ फूट ९, वजन ७८. लग्न आहे, दहा किलो उतरवायचं. जिममधले सर कुपी आणून देतात, बिल नाही पण स्वस्त. घेऊ का?

रातपाळी_डॉक्टर

नाही.

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साधारण २५.४ येतो. वजनासाठी ही औषधं बीएमआय ३० च्या वर, किंवा २७ च्या वर आणि सोबत शुगर, बीपी, झोपेत श्वास अडकणं असा आजार असेल तरच आहेत. भारतीय माणसाला कमी वजनातही शुगर गाठते म्हणून आपल्याकडे २५ लाच लठ्ठपणा मोजतात, हे मान्य. पण मंडपात बारीक दिसणं हा आजार नाही.

मेडिकलवाला

आणि बिल नसलेली कुपी कुठून आली, कोणत्या फ्रिजमधून आली, आत काय आहे, देव जाणे. जून २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता, ही गंमत नाही. चिठ्ठीशिवाय हे औषध विकणं बेकायदा आहे. मी दुकान लावून बसलोय, मला गिऱ्हाईक नको असं थोडंच आहे.

अजून एक प्रकार पाहिला म्हणून लिहितो. दोघी जावा एक कुपी आणून अर्धी-अर्धी टोचतात. पहिलीने उघडल्यावर दुसरीने चार दिवसांनी उरलेली घेतली. ती कुपी एकाच वेळच्या वापराची असते, तिच्यात जंतू रोखणारं औषध घातलेलं नसतं. गळू होईल. वरून इन्सुलिनच्या सिरिंजवरचे आकडे युनिटचे असतात, एमजीचे नाहीत. ५ एमजी म्हणून ५ युनिट ओढणारे लोक आहेत.

जिम_पहेलवान_अकोट

बरं बरं. सरांना विचारतो कुठून आणतात ते.

सोले_भात

माझ्या मोठ्या बहिणीची गोष्ट सांगते, कारण मळमळ मळमळ म्हणून सगळे हसण्यावारी नेतात. तिचं वजन भराभर उतरलं, आम्ही सगळ्या खूश. मग जेवल्यावर उजव्या बरगडीखाली दुखायचं, खांद्यापर्यंत कळ जायची. गावातल्या एका दवाखान्यात ॲसिडिटीची सुई देऊन परत पाठवायचे, आणि असं बऱ्याचदा झालं. इंजेक्शनबद्दल तिने सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. शेवटी अमरावतीला सोनोग्राफी केली, पित्ताशयात खडे भरलेले. ऑपरेशन झालं, आता बरी आहे. पण ती लपवत का होती, तर सासरी कोणाला कळायला नको म्हणून. ‘इंजेक्शनं घेऊन बारीक झाली’ हे ऐकायचं नव्हतं तिला.

रातपाळी_डॉक्टर

ताई, चांगलं केलंत लिहिलंत. वजन वेगात उतरलं की पित्तात खडे व्हायची शक्यता तशीही वाढते, आणि या औषधांनी आणखी थोडी. उजवीकडे बरगडीखाली जेवणानंतर दुखणं म्हणजे सोनोग्राफी. पोटाच्या वरच्या मध्यभागी जोरात दुखून कळ पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील, तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवाशी खेळ आहे. इंजेक्शन बंद आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात.

आणि कोणतंही ऑपरेशन असो, भूल देणाऱ्या डॉक्टरला हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगायलाच हवं. रात्रीपासून उपाशी असलात तरी जठरात अन्न असू शकतं आणि भुलेखाली ते फुप्फुसात जाऊ शकतं. घरच्यांपासून लपवा, डॉक्टरपासून नको.

खडू_फळा

लपवण्यावरून आठवलं. माझं वजन उतरायला लागल्यावर गावात आधी कुजबुज झाली की बाईला ‘मोठा आजार’ झालाय. एकीने टीबी ठरवला, एकीने नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. शेवटी मीच स्टाफरूममध्ये पेन दाखवून मोकळी झाले. आता निम्मा स्टाफ किंमत विचारतो आणि निम्मा म्हणतो, मॅडमला कष्ट नको म्हणून सुई. गुडघे माझे, बोलणं त्यांचं.

रातपाळी_डॉक्टर

बाकी नजर वगैरे सोडा, पण टीबीचा मुद्दा मी हलका घेणार नाही. आपल्या भागात तो भरपूर आहे आणि शुगरवाल्यांना जास्त होतो. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप असेल तर ‘इंजेक्शननेच बारीक होतोय’ असं समजू नका. थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात फुकट आहे.

मिरगाची_सर

डॉक्टर, दोन प्रश्न. मला थायरॉइड आहे, गोळी चालू आहे. हे इंजेक्शन थायरॉइडवाल्यांना चालत नाही असं ऐकलं. दुसरं, पीसीओडीमुळे वजन वाढलंय, लग्नाला पाच वर्षं झाली, मूल हवंय. वजन उतरलं तर दिवस राहतील म्हणतात, मग घेऊ का?

रातपाळी_डॉक्टर

पहिल्याचं उत्तर: गोळीवाला थायरॉइड वेगळा. मनाई आहे ती थायरॉइडच्या मेड्युलरी नावाच्या कॅन्सरसाठी, तुम्हाला किंवा रक्ताच्या नात्यात कोणाला झाला असेल तर, आणि एमईएन-२ नावाच्या आनुवंशिक आजारात. तुमची रोजची सकाळची गोळी आहे तशी चालू राहील. वजन बरंच उतरलं की टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा तपासा, डोस कमी लागू शकतो.

दुसऱ्याचं जरा सावकाश वाचा. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते, दिवस राहू शकतात, हे खरं. पण गरोदरपणात हे औषध चालत नाही. सेमाग्लुटाइड असेल तर दिवस राहायच्या किमान दोन महिने आधी थांबवायचं, कारण ते अंगातून जायला वेळ घेतं. म्हणजे ‘घेता घेता दिवस राहिले तर बरंच’ असं नाही. औषध चालू असेपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत. आणि इथे एक खोच आहे जी बऱ्याच बायकांना कोणी सांगत नाही: टिर्झेपॅटाइडमुळे तोंडाने घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जात नाहीत. आशाताई देतात त्या माला-एनसुद्धा त्यातच आल्या. सुरुवात केल्यावर चार आठवडे, आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे, निरोध वापरा किंवा तांबी बसवून घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एमडी दोघांनाही एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा.

मिरगाची_सर

हे मला खरंच माहीत नव्हतं. धन्यवाद डॉक्टर. यांना वाचायला देते.

वऱ्हाडी_ठेचा

माह्या प्रश्नाचं उत्तर अजून कोनी देल्लं नाई बाप्पा. पैसा संपला अन् मधातच सोडलं त काय होते? वजन वापस येते म्हंतेत.

रातपाळी_डॉक्टर

येतं, ठेचा भाऊ. तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या अभ्यासात ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्के वजन उतरलं होतं. त्यातल्या काही लोकांना औषध थांबवल्यावर वर्षभर पाहिलं, तर उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत चढलं. टिर्झेपॅटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसवर ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के उतरतं, पण थांबवलं की त्याचंही असंच. बीपीची गोळी थांबवली की बीपी चढतं, तसा हा प्रकार. बिघाड दुरुस्त होत नाही, दाबून ठेवला जातो.

म्हणून माझं मत ऐका, पटलं तर घ्या. सहा महिने कापसाच्या पैशावर घ्यायचं, मग पेरणी आली की सोडायचं, पुढच्या दिवाळीला परत सुरू, असं करू नका. दरवेळी खालच्या डोसपासून चढावं लागतं, दरवेळी उलट्या नव्याने. आणि उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, परत चढते ती मुख्यतः चरबी. दोन-तीनदा असं झालं तर माणूस पहिल्यापेक्षा कमजोर. दोन वर्षांचा खर्च कर्ज न काढता झेपत असेल तर सुरू करा. बियाण्याचे पैसे याच्यात घालू नका.

वहिनींची शुगर कितीवर आहे? मेटफॉर्मिन पूर्ण डोसमध्ये आहे का? डोळ्यांचा पडदा तपासलाय का? पाच-सात टक्के, म्हणजे शंभर किलोच्या माणसाचं पाच-सात किलो उतरलं, तरी शुगर-बीपीत फरक दिसतो. तेवढं इंजेक्शनशिवाय होऊ शकतं. सगळ्यांना होत नाही, हेही खरं.

वऱ्हाडी_ठेचा

शुगर उपाशीपोटी १९०. गोळी घेते, कोनती ते पाहून सांगतो. डोळे नाई दाखवले कधी.

पन मले तुमचं पटलं नाई पूर्ण. म्हंजे ज्याले पगार त्याले औषध, अन् शेतकऱ्याच्या बायकोनं फिराले जाव? थे दिवसभर निंदनच करते वावरात, अजून किती फिरवता?

रातपाळी_डॉक्टर

तुमचा राग रास्त आहे. मला त्याचं उत्तर नाही. माझ्याकडे औषध आहे, तुमच्याकडे पैसे कमी आहेत, आणि मी चिठ्ठी लिहून मोकळा झालो तर तुम्ही कर्ज काढाल, हे मला दिसतं. उपाशीपोटी १९० म्हणजे गोळ्या बदलायची वेळ झाली आहे, हे वजनाच्या आधी. पुढच्या आठवड्यात एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि किडनीची तपासणी करून एमडीला दाखवा. देशी सेमाग्लुटाइडचा महिन्याचा खर्च तिथेच कागदावर मांडून घ्या. शुगर असल्यामुळे त्यांना या औषधाचा फायदा नुसत्या वजनवाल्यांपेक्षा जास्त आहे. जमत असेल तर घ्याच म्हणेन.

गोळीचं नाव बघताना त्यात ‘ग्लिमे’ असं काही आहे का ते पाहा. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनबरोबर हे इंजेक्शन सुरू झालं तर साखर उतरते, वावरात घाम फुटून, थरथरून माणूस पडतो. त्या गोळीचा डोस डॉक्टर आधी कमी करतात. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवायचं. श्रावणात, नवरात्रात नऊ दिवस उपास धरणाऱ्या बायकांनी तर हे विचारूनच.

खडू_फळा

ठेचा भाऊ, पगाराचं तुम्ही बोललात ते खरं आहे, मी वाद घालत नाही. मलाही दोन हप्ते बाजूला ठेवून हे चालवावं लागतंय.

डॉक्टरसाहेब स्नायूंचं बोलले, त्यावर माझं घरगुती गणित. भूक कमी झाली की आपण आधी वरणच सोडतो आणि दोन घास भात खाऊन उठतो. तिथेच सगळं बिघडतं. माझे केस गळायला लागले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, दिवसात प्रथिनं किती? वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम तरी हवीत म्हणाले. शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत साधारण २२ ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा. मी आता ताटात पहिलं घट्ट वरण किंवा मटकी खाते, मग भाजी, भाकर शेवटी आणि उरलेल्या भुकेपुरती. सोयाबीनच्या वड्यांत शंभर ग्रॅमला ५० च्या वर निघतात. गंमत बघा, पूर्ण जिल्हा सोयाबीन पिकवतो आणि घरात एकाच्याही पानात सोयाबीन नाही, सगळं तेलाच्या कारखान्याला.

बद्धकोष्ठाला जवसाची चटणी, अंबाडीची भाजी आणि पाणी. तरीही अडलं तर इसबगोल. तर्री पोहे आणि सावजी रस्सा मात्र पहिल्या तीन महिन्यांत विसरा. लग्नाच्या पंगतीत बसूच नका, बुफे असेल तिथे हातात ताट घेऊन फिरत राहा, कोणी वाढत नाही.

शेगाव_कचोरी

कचोरी?

खडू_फळा

अर्धी. दुपारी. आणि टोचल्यानंतर चार दिवसांनी.

पुण्यातला_आर्वीकर

आईचं एक राहिलं. एखाद्या आठवड्यात सुई चुकली तर? ती विसरते हल्ली. आणि वापरलेल्या सुया ती कचऱ्याबरोबर उकिरड्यावर टाकते, ते मला बरोबर वाटत नाही.

मेडिकलवाला

टिर्झेपॅटाइड असेल तर ठरलेल्या वारानंतर चार दिवसांच्या आत आठवलं तर घ्यायचं. चार दिवस उलटले तर तो डोस सोडून द्यायचा आणि पुढच्या ठरलेल्या वारी नेहमीचाच घ्यायचा. दुप्पट कधीच नाही. दोन-तीन आठवडे सलग चुकले तर स्वतःच्या मनाने सुरू करू नका, डॉक्टर बहुधा खालच्या डोसवर आणतात. कॅलेंडरवर वाराला गोल करून ठेवा, घेतलं की काट मारायची. दरवेळी जागा बदला. पोटावर बेंबीपासून दोन-तीन बोटं सोडून, नाहीतर मांडीवर.

उकिरड्यावर सुया नकोच. तिथे गुरं तोंड घालतात, पोरं अनवाणी फिरतात, आणि तेच शेणखत पुढे शेतात जातं, हाताने पसरतात. फिनाइलची किंवा कसलीही जाड प्लास्टिकची रिकामी बाटली घ्या (फवारणीच्या औषधाची नको), सुई टोपण न लावता सरळ आत टाका, बाटली भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. त्यांच्याकडे सुयांचा वेगळा डबा असतो. आमच्या दुकानातही आणून दिली तर आम्ही पोचवतो, आर्वीत तुमच्या मेडिकलवाल्याला विचारून बघा.

वऱ्हाडी_ठेचा

गोळीचं नाव पाहिलं. ग्लिमेपिराइड २ अन् मेटफॉर्मिन ५००. सोमवारी यवतमाळले नेतो. डोळ्याचंही तिथंच करतो. ताई, तुमच्या डॉक्टरचं नाव व्यनित (खाजगी निरोपात) धाडा.

खडू_फळा

धाडलं. सकाळी आठच्या आत नंबर लावा, नाहीतर चार वाजतात. अन् वहिनींना उगाच उपाशी ठेवू नका, गोळी घेऊन रिकाम्या पोटी बसवू नका. रक्त द्यायचं झालं की लगेच खायला डबा सोबत ठेवा.